चाकाच्या मधला ठिपका

थोडा खाली. अजून थोडा. बस, बस. मागच्या रांगेत ऐकू येतंय का? गोडाऊनमामा हात हलवताहेत. म्हणजे एक तर ऐकू येतंय, नाही तर लवकर आटपा म्हणताहेत. दोन्ही लक्षात ठेवतो.

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, अर्थात आमचे मालक, मंचावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, जे आमच्या कंपनीचे सर्वांत जुने गिऱ्हाईक आणि सर्वांत जुने तक्रारदारही आहेत, ज्यांच्यासाठी ही मोठी खुर्ची मधोमध मांडली आहे आणि ज्या तिच्या अगदी कडेला बसल्या आहेत त्या सत्कारमूर्ती, आपल्या सिस्टीमबाई, त्यांचे यजमान, सगळे चालक बंधू, हमाल बंधू, बुकिंगच्या खिडकीवरच्या भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको, जिने निघताना 'पाच मिनिटांच्या वर बोलू नका' असं बजावलंय. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंचा वक्तशीरपणा सांगितला, शिस्त सांगितली. एका वक्त्यांनी तर सांगितलं की बाई म्हणजे चालतंबोलतं मशीन. मी त्यांचा आदर करतो, पण ते मान्य करत नाही. मी बाईंबरोबर काम केलंय आणि मशीनबरोबरही केलंय. मशीनने मला कधी 'जेवलात का' असं विचारलं नाही.

मला इथे सगळे ठिपकेराव म्हणतात. नव्या मंडळींना ते आडनाव वाटतं. एकाने तर मला लग्नाची पत्रिका त्याच नावाने पाठवली. बायकोने ती वाचली आणि म्हणाली, ''चला, आता निदान मला सौभाग्यवती ठिपके तरी होऊ देऊ नका.'' तर ते आडनाव नाही. ते पडलंय. ते कसं पडलं ते सांगायला मी उभा आहे, आणि त्यातच मला बाईंना एक प्रश्न विचारायचा आहे. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो, पण विचारला नाही. आज चारचौघांत विचारतो, म्हणजे त्यांना उठून जाता येणार नाही.

मी लागलो तेव्हा कंपनीत कॉम्प्युटर नव्हता. मी होतो. म्हणजे माझं टेबल होतं, जांभळ्या शाईचं पॅड होतं आणि लाकडी मुठीचा गोल शिक्का होता. शिक्क्यावर आपलं चाक. आठ आरे, बाहेर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, मधोमध तुंबा, म्हणजे जिथून आस जाते तो गोल. मोठ्या मालकांच्या, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांच्या, आजोबांनी हातगाडीवर माल वाहिला, त्या हातगाडीचं हे चाक. आज आपल्या ट्रकांच्या दारांवर आहे तेच.

मालाच्या प्रत्येक पावतीच्या चार प्रती. एक पाठवणाऱ्याला, एक चालकाजवळ, एक घेणाऱ्याला, एक आपल्याला. चारही प्रतींवर चाक हवं. कार्बनमधून अक्षरं उतरतात, शिक्का उतरत नाही. म्हणून एका पावतीला चार वेळा धप्प. तेही वाकडंतिकडं नाही. एक आरा सरळ उभा आला पाहिजे, हा मोठ्या मालकांचा दंडक. ''गाडी उभी आहे तर चाक आडवं का?'' असं ते विचारायचे. मनगट जरासं डावीकडे वळवून मारायचं, की आरा उभा. मला ते जमायचं. दुसऱ्याला जमायला वेळ लागला असता, आणि माझी तीच तर जमेची बाजू होती.

दुसरी बाजूही सांगतो. माझा उजवा पाय लहानपणापासून आखूड. मघाशी पायऱ्या चढताना पाहिलंतच. गोडाऊनचं काम मला झेपणारं नव्हतं, गाडीवर कोणी घेतलं नसतं. या कंपनीत मला बसता येईल अशी एकच खुर्ची होती आणि ती त्या शिक्क्यामागे होती. घरी लेक रांगत होती. माझे हात इतके जांभळे असायचे, की तिला उचललं की तिच्या गालावर बोटं उठायची. बायको म्हणायची, ''पोरीला पावती समजता काय?''

आणि अशात एक दिवस कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर प्रिंटर आला, आणि दोघांच्या मागोमाग एक बाई आल्या. तेव्हा त्या बाईही नव्हत्या, मुलगीच होत्या. दोन वेण्या घालून आल्या होत्या. अध्यक्षांना आठवत असेल, तुम्ही तेव्हा हाफ पॅंटमध्ये प्रिंटरचा आवाज ऐकायला यायचात आणि कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या गोळा करून न्यायचात.

तो आवाज तरुण मंडळींना ठाऊक आहेच, कारण तेच मशीन अजून कोपऱ्यात आहे. सुतार लोखंडावर रंधा मारतोय असा आवाज. पण त्यात एक गुण होता. ते कागदावर ठोकून छापायचं. त्यामुळे चारही प्रती एका दमात. नाव, गाव, नग, वजन, सगळं खालच्या कागदापर्यंत स्पष्ट. मोठे मालक कौतुकाने बघत होते. बघता बघता त्यांनी विचारलं, ''मुली, सगळं छापतं ना हे? मग आपलं चाक का छापत नाही?''

मी माझ्या टेबलावरून ऐकत होतो. माझा हात पॅडवरच थांबला.

बाई म्हणाल्या, ''अक्षरं त्याच्या पोटात भरलेली आहेत. चाक नाही. ते आपल्याला शिकवावं लागेल.''

मालक म्हणाले, ''मग शिकव. हे मशीन आपण वापरून बघायला घेतलंय. चाक नसलेली पावती माझ्या कंपनीतून जाणार नाही. जमलं तर मशीन राहील, नाही तर मशीनही परत आणि तूही.''

आता हिशेब बघा. चाक छापलं गेलं, तर चारही प्रतींवर आपोआप उमटणार आणि माझी खुर्ची जाणार. नाही छापलं गेलं, तर बाईंची जाणार. एक चाक आणि दोन खुर्च्या. मी मनातल्या मनात देवापुढे कोणाच्या खुर्चीसाठी नारळ ठेवला असेल, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, ''शिक्का द्या जरा.''

मी म्हटलं, ''शिक्का टेबल सोडत नाही. मालकांचा नियम आहे.''

''मग टेबल घेऊन या.''

''टेबल येणार नाही. मी येईन.''

''तुम्ही आलात तरी चालेल. आरा सरळ मारता म्हणे.''

असा मी शिक्का मुठीत धरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चौकटींचा कागद पसरला होता, शाळेत आलेख काढायला असतो तसा. त्यावर मी चाक मारलं, आरा उभा. आणि मग बाईंनी मला जे काम दिलं, तसं काम जगात कोणाला मिळालं नसेल. शाई ज्या चौकटीत आली ती काळी, नाही आली ती पांढरी. मी वरून खाली एकेक उभी रांग वाचायची, त्यांनी लिहून घ्यायची. ''काळा, काळा, पांढरा, पांढरा, काळा.'' माझीच खुर्ची मी त्यांना टिंबाटिंबाने वाचून दाखवत होतो. आणि चुकलो तर त्या म्हणायच्या, ''नीट बघा हो, घाई काय आहे?'' मला कसली घाई असणार?

असं का करायचं, ते त्यांनी मला समजावलं. मी तुम्हाला समजावतो, चुकलं तर त्या खुणावतील. प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ सुया असतात. चित्राच्या कामात आठच राबतात, नववी सुटीवर असते. प्रत्येक ऑफिसात एक असते तशी. कोणाकडे बघत नाही मी. तर या आठ सुयांना वजनं दिलेली आहेत. सगळ्यांत खालच्या सुईचं वजन एक, तिच्या वरचीचं दोन, मग चार, आठ, अशी दुप्पट दुप्पट होत सगळ्यांत वरचीचं एकशे अठ्ठावीस. उभ्या रांगेत ज्या सुया मारायच्या असतील, त्यांची वजनं जोडायची. येईल तो आकडा मशीनला पाठवायचा. एक आकडा म्हणजे एक उभी रांग. अशा रांगा शेजारी शेजारी लागत गेल्या की एक पट्टा. पट्ट्याखाली पट्टा लागला की चाक. वजन करून माल भरायचा, इतकंच. आपल्याच धंद्यातली गोष्ट. त्यामुळे मला पटकन कळली, आणि कळल्याचं वाईटही वाटलं.

पहिलं चाक निघालं तेव्हा मोठे मालक चष्मा लावून आले. चाकात आडव्या पांढऱ्या भेगा. एका पट्ट्यानंतर कागद जितका सरकायला हवा, त्याहून जास्त सरकत होता. मालक म्हणाले, ''चाक आहे की काकडीच्या चकत्या?'' मी हसलो. मोठ्याने हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद किती सरकायचा ते मशीनला बजावलं आणि भेगा बुजल्या.

दुसरं चाक निघालं. भेगा नाहीत, आरे आठ, तुंबा जागेवर. पण चाक गोल नव्हतं. आडवं पसरलेलं होतं. चौकटींच्या कागदावर टिंबं दोन्हीकडून सारख्या अंतरावर. मशीनवर मात्र आडवी टिंबं थोडी लांब लांब पडत होती. मालकांनी कागद उभा धरला, आडवा धरला. म्हणाले, ''मुली, हे अंडं आहे. अंड्यावर गाडी चालते का?''

''करते दुरुस्त,'' बाई म्हणाल्या.

आता इथे आपल्या प्रमुख पाहुण्यांचा प्रवेश होतो. साहेब, परवानगी द्या. अंडी छापलेल्या पावत्यांचा गठ्ठा टेबलावर पडून होता. एका चालकाने घाईत त्यातलीच एक उचलली, तिच्यावर मालाचा तपशील छापून घेतला आणि गाडी काढली. माझ्या टेबलावर ती आलीच नाही, कारण चाक तर आधीच छापलेलं. गाडी पोचली साहेबांच्या गोडाऊनवर. आज साहेबांची तीन गोडाऊनं आहेत, तेव्हा ते एका गोडाऊनचे राखणदार होते. त्यांनी पावती बघितली आणि आपल्याकडे फोन केला. फोन मीच घेतला होता.

ते म्हणाले, ''तुमचं चाक बसलंय.''

मी म्हटलं, ''गाडी पंक्चर झाली का?''

''गाडी नाही, पावतीवरचं. असलं चाक तुमचं नाही. ही पावती बनावट आहे. माल उतरू देणार नाही.''

''अहो, गाडीच्या दारावर बघा ना आमचं चाक.''

''दार कोणीही रंगवतं.''

साहेब हसताहेत. तेव्हा हसला नव्हता तुम्ही. मग काय, मोठ्या मालकांनी नियम मोडला. शिक्क्याने टेबलच काय, ऑफिस सोडलं. मी शिक्का आणि पॅड कापडात बांधून पुढच्या गाडीत बसलो. नोकरीत गाडीने गेलो तो हा एवढाच प्रवास. पोचलो, अंड्यावर अस्सल चाक मारलं. आरा उभा. साहेबांनी पावती उजेडात धरली. मग बोट जिभेला लावून ओलं केलं आणि चाकावर चोळलं. शाई पसरली, बोट जांभळं झालं. मग त्यांनी शेजारच्या छापील अक्षरांवर चोळलं. ती हलली नाहीत. ते म्हणाले, ''हे मशीनचं. हे माणसाचं. आता उतरवा माल.''

परत आलो आणि ही सगळी गंमत बाईंना सांगितली. बोट कसं ओलं केलं, कसं चोळलं, नक्कल करून दाखवली. त्या हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे त्यांना चाक नाही बघायचं. हात लागलाय का, ते बघायचंय.''

मी म्हटलं, ''तसंच म्हणा.''

त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग एकदम विचारलं, ''चाक छापलं गेल्यावर तुम्ही काय करणार?''

''मालक म्हणालेत, गोडाऊनला बघू.''

''झेपेल?''

मी म्हटलं, ''न झेपून सांगतो कोणाला.''

त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली आणि म्हणाल्या, ''चला, तुंब्यापासून पुढे वाचा.'' मी वाचलं. काळा, काळा, पांढरा, काळा.

मग तो दिवस उजाडला. मोठे मालक खुर्ची ओढून प्रिंटरसमोर बसले. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. हमाल दारात. मीही होतो, शिक्का खिशात घालून. का खिशात घातला होता, मलाच माहीत नाही. कदाचित त्याला एकट्याला टेबलावर ठेवावंसं वाटलं नसेल.

बाईंनी बटण दाबलं. डोकं धावलं. पट्ट्याखाली पट्टा. धाव गोल आली. खरोखर गोल. आरे आठ, एक सरळ उभा. चाक पूर्ण झालं आणि कागद पुढे सरकला. सगळे वाकून बघायला लागले.

मधे काहीच नव्हतं. आठही आरे मध्याकडे येत होते आणि एका रिकाम्या गोलाशी थांबत होते. तुंबा नव्हता.

मालक म्हणाले, ''मधलं कुठाय?''

बाई म्हणाल्या, ''मशीन घेत नाही.''

''काय घेत नाही?''

''तुंब्यात काही रांगांचा आकडा सव्वीस येतो. या कॉम्प्युटरच्या भाषेत सव्वीस म्हणजे 'मजकूर संपला'. तो आकडा आला की पुढचं काहीच तो प्रिंटरकडे पाठवत नाही. मजकूर संपला, असं त्याला वाटतं.''

''दाखव.''

त्यांनी दाखवलं. तुंब्यासकट छापायला लावलं. वरची धाव आली, वरचे आरे आले, डोकं मधल्या पट्ट्यात शिरलं आणि तुंब्याच्या कडेला येऊन थबकलं. जागचं हलेना. पुढचा आकडा येईल म्हणून प्रिंटर वाट बघतोय, आणि कॉम्प्युटर म्हणतोय, माझं झालं. खरं सांगतो, मला त्या मशीनची दया आली.

मालकांनी टायवाल्याकडे बघितलं. ''असं असतं का?''

टायवाला म्हणाला, ''सव्वीस म्हणजे संपलं, हे खरं आहे.'' आणि त्याने टाय सैल केला.

''मग आता?''

बाई म्हणाल्या, ''मधे शून्य पाठवलेत. शून्य म्हणजे सगळ्या सुया गप्प. बाकी चाक मशीन छापेल, चारही प्रतींवर. मधला तुंबा तेवढा हाताने मारायचा. शाईचा. चारही प्रतींवर. पलीकडच्या गोडाऊनवाल्यांनाही तेच हवं असतं. बोट ओलं करून बघतात ते.''

मोठ्या मालकांनी त्या रिकाम्या गोलावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ''अरे, तू एक छोटा शिक्का करून घे. नुसता ठिपका. तुंब्याएवढा.'' आणि उठता उठता म्हणाले, ''बरोबर मधे मार बरं का. आस हलली की गाडी गेली.''

मशीन राहिलं. बाई राहिल्या. मी राहिलो, आणि ठिपकेराव झालो. त्या दिवसापासून आजपर्यंत या कंपनीतून मालाची जी जी पावती गेली, तिच्यावरचं चाक बाईंचं आणि तुंबा माझा. असा संसार मी बायकोबरोबरही केला नाही. ती मान हलवते आहे. म्हणजे मान्य आहे.

आता प्रश्न.

माझी लेक, जिच्या गालावर जांभळी बोटं उठायची, ती मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली. एकदा जेवताना मी तिला माझ्या नावाची ही कथा सांगितली. मशीनने तुंबा घेतला नाही म्हणून तुझं शिक्षण झालं, असं जरा रंगवून सांगितलं. तिने घास थांबवला. म्हणाली, ''बाबा, सव्वीस म्हणजे सोळा, आठ आणि दोन. दोन टिंबं, एक रिकामी जागा, मग एक टिंब. ती रिकामी जागा भरून टाकायची. तिचं वजन चार. झाले तीस. तीस म्हणजे काही संपत नाही. सरळ छापलं असतं.''

मी म्हटलं, ''पण मग एक टिंब जास्त झालं असतं.''

ती म्हणाली, ''कोणाला दिसलं असतं ते?''

मी म्हटलं, ''मालकांना.''

ती हसली. म्हणाली, ''ज्यांना तुंबा नाही तेही चाललं, त्यांना?''

मग मी भाजी मागून घेतली. विषय बदलला.

तर बाई, माझा प्रश्न असा. तुम्हाला ते तेव्हा सुचलं नव्हतं, की सुचलं होतं?

मी हे इतकी वर्षं विचारलं नाही, त्याला कारण आहे. सुरुवातीला विचारलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर विचारलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, 'अहो, नाही सुचलं.' मग मी मशीनच्या एका खोडीवर जगलो, असं झालं असतं. आणि 'सुचलं होतं' म्हणाला असता, तर मला तुमचे आभार मानावे लागले असते, आणि शेजारच्या टेबलावर बसून ते कसं करतात, मला माहीत नाही. रोज सकाळी आल्या आल्या करायचे, की महिन्याने एकदा? म्हणून मी चहा सांगत राहिलो. तुमचा चहा नेहमी मीच का सांगायचो, हे तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल.

अध्यक्षमहाराज, तुम्ही कान देऊन ऐकताय, तर तुम्हालाही सांगतो. पुढच्या महिन्यात नवी पद्धत येते आहे. कागदाची पावतीच जाणार. चालकाच्या फोनवर चाक दिसेल, म्हणे फिरतंसुद्धा. चांगलं आहे. माझीही निवृत्ती त्याच सुमाराला आहे. तेव्हा बाई, आज तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी कोणाची खुर्ची हलत नाही. निर्धास्त सांगा.

त्या चष्मा पुसताहेत. आता गुच्छातली पानं मोजताहेत. आता यजमानांना खुणेने सांगताहेत की यांना खाली बसवा. यजमान मला ओळखतात, ते छताकडे बघताहेत. प्रमुख पाहुणे, तुम्ही तरी बोट ओलं करून बघा, काय खरं काय छापील.

राहू द्या. ज्या बाईंनी मशीनला चाक शिकवलं, त्यांना बोलतं करणं माझ्यासारख्याचं काम नव्हे.

उत्तर काहीही असो, आभार दोन्हींचे मानून ठेवतो. सुचलं नसेल तर सव्वीस या आकड्याचे आभार. सुचलं असेल तर, बाई, तुमचे. तुमचं आणि तुमच्या यजमानांचं पुढचं आयुष्य मजेत जावो. सकाळी उशिरा उठा. कोणाला काही शिकवू नका, माणसाला नाही आणि मशीनलाही नाही.

मला हा माइक दिलात याबद्दल संयोजकांचा, आणि इतकं ऐकून घेतलंत याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली, हे मला पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यावरून कळतंय. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. हात साफ नव्हता कधीच, शाईचा आहे. चहा तयार आहे. मी बसतो.

माझं भाषण संपलं, पण बाईंनी मंचावर उत्तर दिलं नाही. सगळ्यांचे आभार मानले आणि 'ठिपकेराव फार बोलतात' एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपाटाची किल्ली परत करायला ऑफिसात आल्या. किल्ली ठेवली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून जुन्या मशीनसमोर बसल्या आणि चाकाचा प्रोग्राम उघडला. मधल्या शून्यांच्या जागी एकेक आकडा टाईप करत गेल्या. कुठेही बघत नव्हत्या. सव्वीस यायचा तिथे तीस टाकला. मग बटण दाबलं. पावती निघाली तशी फाडली, कडेच्या पट्ट्या काढल्या, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ''आज चहा मी सांगते.''

मी सवयीने ठिपका उचलला, पॅडवर टेकवला आणि पावतीवर नेला. मारायला जागा नव्हती.